ताश-मोयनोकची बेरीज

बंद करायच्या औषध दुकानांची यादी आली. नऊ नावांत शेवटचं होतं ताश-मोयनोक, खिंडीपलीकडचं एकुलतं एक दुकान. यादीला आधार होता विक्रीच्या सारांश तक्त्यांचा, आणि बिश्केकच्या मुख्य कचेरीत ते तक्ते बांधले होते ऐजिरेकने. तिने दुकान चालवणाऱ्या तुर्सुनाई एजेला, म्हणजे तुर्सुनाईताईला, फोन लावला.

"एजे, तुमच्याकडे इन्सुलिन खपत नाही का? महिन्याला चारच कुप्या दिसतायत."

"चार? एकोणीस माणसं टोचून घेतात इथे. तू काय डोळे मिटून मोजतेस?"

"तुम्ही विक्री रोज भरता ना?"

"रोज. बर्फ पडला की लाइन जाते, मग चार-पाच दिवसांचं एकदम पोचतं. पण पोचतं."

फोन ठेवून ऐजिरेकने आपलाच जुना नियम उघडला. दोन वर्षांपूर्वी अहवाल उघडायला वीस मिनिटं लागत. तिने नियम घातला होता: रोज पहाटे फक्त कालच्या तारखेची विक्री मोजायची आणि सारांशात टाकायची, मागच्या दिवसांना हात लावायचा नाही. अहवाल दोन सेकंदांत उघडू लागले. पण उशिरा पोचलेली विक्री मूळ नोंदींच्या तपशिलातच पडून राहिली, बेरजेत कधी आलीच नाही.

तिने तपशील पुन्हा मोजला. खरी विक्री सारांशात दिसत होती त्याच्या चौपटीहून जास्त निघाली. तपशील मात्र तीनच महिन्यांचा होता. त्यामागचा, जागा वाचावी म्हणून, पुसला जाई.

ती विभागप्रमुख शेराली बायकेंकडे गेली; बायके म्हणजे दादा, सगळे त्यांना तसंच म्हणत.

"बायके, ताश-मोयनोकचा आकडा चुकलाय. चूक माझी आहे."

"किती महिन्यांचं दाखवू शकतेस?"

"तीन."

"यादी वर्षाची आहे."

"बाकीचा तपशील आपण पुसलाय."

"पुसा म्हणून तूच सांगितलंस. सही माझी आहे." त्यांनी बोरसोकचा तळलेला तुकडा चहात बुडवला. "हे आकडे संचालकांपुढे गेलेत, पोरी. आज एक बदलला तर उद्या विचारतील, बाकीचे किती खोटे?"

"विचारू देत की. विचारायलाच हवं."

"तुला नाही विचारणार. मला विचारतील."

तिने संचालकांना परस्पर पत्र लिहिलं, सोबत तीन महिन्यांचा तक्ता जोडला. दोन ओळींचं उत्तर आलं: एवढ्यावरून निर्णय बदलता येणार नाही, कळवल्याबद्दल आभार. तिने नियम दुरुस्त केला. आता रोज मागचे तीस दिवस नव्याने मोजले जात. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

मार्चमध्ये दुकानाला कुलूप लागलं. तिने फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे चूक तुझी," तुर्सुनाई एजे म्हणाली.

"हो, एजे."

"बरं. आता जवळचं दुकान ऐंशी किलोमीटरवर. तेही खिंड उघडी असली तर. हे तुझ्या तक्त्यात येतं का कुठे?"

"नाही, एजे."

"मग ठेव फोन."

सोमवारी शेराली बायकेंनी बंद झालेली दुकानं सारांशातून काढायला सांगितली. तिने काढली. दर दुकानामागची सरासरी विक्री सहा टक्क्यांनी वर गेली, आणि बैठकीत बायकेंचं कौतुक झालं. जागेवर परतून ऐजिरेकने ती सरासरी तपशिलाशी दोनदा ताडून पाहिली. शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर होती.