हनोईतला रस्ता

माईने जानकीचं मनगट पकडलं आणि तिला ओढत पुन्हा फुटपाथच्या कडेला आणून उभं केलं. कणकवलीच्या उड्डाणपुलाखाली रिक्षा, टेम्पो, मासळीची गाडी यांची झुंबड उडाली होती. मोटारसायकली तर मुंग्यांसारख्या येत होत्या. जानकी तीनदा चार पावलं पुढे गेली होती आणि तीनदा पळत माघारी आली होती. तिसऱ्या वेळी एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून दोघींचा उद्धार केला. माईने त्याला त्याच्या बापाचं नाव विचारलं, तेव्हा तो निमूट पुढे गेला.

"धावू नको म्हणान सांगलंय ना तुका? आणि मधी थांबूचा पण नाय. एका चालीन जायचा. ते तुका चुकवतत."

"आणि नाय चुकवल्यानी तर?"

"तर मगे सुटलंस."

जानकी ही माईची धाकटी जाऊ. आचरा गावात एकाच अंगणात दोघींची दोन घरं. जानकीचा नवरा गेल्याला चौदा वर्षं झाली, आणि तेव्हापासून तिच्या घरातलं सगळं माईच ठरवी: कौलं कधी चाळायची, मुलगी कुठे द्यायची, आणि आता व्हिएतनामला कोणी जायचं. माईचा मुलगा विश्वेश तिकडे हनोईत नोकरीला होता. सून चारुता सातव्या महिन्यात होती आणि डॉक्टरने तिला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. तिला आई नव्हती. विश्वेश सकाळी जाई तो काळोख पडल्यावर येई. घरात करून घालणारं, खाली उतरून भाजी आणि औषधं आणणारं माणूस हवं होतं, आणि बाजार रस्त्याच्या पलीकडे होता. माईने दोन दिवस विचार केला, आपले गुडघे गेले असं जाहीर केलं आणि जानकीचा पासपोर्ट काढायला लावला. विमान पुढच्या मंगळवारी होतं. आज दोघी व्हिसाचा कागद घ्यायला एजंटाकडे आल्या होत्या. येताना गाडीने अलीकडेच उतरवलं होतं, पण परतीचं एस.टी. स्टँड रस्त्यापलीकडे होतं.

गेले पंधरा दिवस माई तिला पढवत होती. विमानात कानाला दडे बसले तर गोळी चघळायची. सुके बोंबील हातातल्या पिशवीत घ्यायचे नाहीत. मसाला आणि आमसुलं मोठ्या बॅगेत, तीही तीन पिशव्यांत गुंडाळून. घराचा पत्ता त्यांच्या भाषेत लिहिलेला कागद पोलक्यात ठेवायचा, आणि हरवलं तर तोंड उघडायचं नाही, कागद दाखवायचा. रस्त्यावरच्या टॅक्सीला हात करायचा नाही, विश्वेश मोबाइलवरून गाडी मागवतो. पाला दिसला म्हणून ताटात ओढायचा नाही, त्यातही डुकराचं मटण असतं. तिकडे थंडी पडते, स्वेटर घ्यायचा, आणि तो घालायचा, नाहीतर जपून ठेवशील. जानकी सगळं ऐकून घेई, मान हलवी आणि संध्याकाळी अंगणात येऊन बोंबलांचं पुन्हा विचारी. एवढं एखाद्या म्हशीला सांगितलं असतं तर ती एव्हाना खिडकीकडची जागा धरून बसली असती, असं माईने शेजारच्या सीतेला दोनदा सांगून झालं होतं.

माईला सांगायचा हक्क होता. गेल्या वर्षी ती तीन आठवडे हनोईत राहून आली होती. विश्वेशच्या पाचव्या मजल्यावरच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे तळं. त्या तळ्याला आपण रोज सकाळी एकटीने फेरी मारायचो, हे तिने गावात इतकं रंगवून सांगितलं होतं की देवळात बायका सरकून तिला जागा देत. तिसरी इयत्ता शिकलेली बाई परक्या मुलखात एकटी फिरली, याचं विश्वेशलाही कौतुक होतं. फोनवर तो चारुताला ऐकू जाईल असं म्हणे, आमच्या माईला कसली भीती नाही.

जानकीने हात सोडवून घेतला. व्हिसाच्या कागदाची पिशवी तिने छातीशी धरली होती.

"माका जमाचा नाय, माई. तुमीच जावा."

"माझे गुडघे."

"परवा पाणंदीतसून माडाची चुडतां वडीत होतास, तेवा बघलंय गुडघे."

माईने तिच्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत जानकी असं कधी बोलली नव्हती. पण आवाजात टोमणा नव्हता. ती खालच्या मानेने बोलत राहिली. करून घालायला काही नाही, ते ती झोपेतही करील. पण त्या पोरीला अडीअडचणीला औषध लागलं, विश्वेश कामावर असला, आणि आपण अशाच कडेला उभ्या राहिलो तर? एका नाही, दोन जिवांचं काम. आजच सांगितलेलं बरं. विश्वेशला दुसरं कोणी बघता येईल.

दुसरं कोणी नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

माई मागे वळली आणि कडेच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर जाऊन बसली. दोन चहा सांगितले. चहा आला तरी तिने ग्लासला हात लावला नाही. पदराने तोंड पुसलं, मग मान पुसली, मग पुन्हा तोंड.

"मी तो रस्तो ओलांडूकच नाय," ती म्हणाली.

"खंयचो?"

"थंयलो. हनोईतलो."

जानकीचा ग्लास ओठांपाशी थांबला.

"पयल्या दिशी खाली उतारलंय. कडेर उभी रवलंय अर्धो तास. मगे वर गेलंय. म्हटलंय, उद्या. दुसऱ्या दिशी दारापर्यंत. तिसऱ्या दिशी चपलो पण घालूक नाय. विश्वेश सांजचो विचारी, खंय गेल्लंस गो आज? मी सांगी, तळ्यार."

 जानकी हसेल म्हणून माईने जबडा आवळून धरला होता. टपरीवाला पातेलं ढवळत होता. जानकी हसली नाही.

"मगे एका चालीन जायचा, ते चुकवतत, ह्या कोणी सांगल्यान?"

"खिडकेतसून बघलंय. दुसरा काय होता दिसभर?"

"काय बघलास?"

हे माईला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तळ्याबद्दल विचारीत, देवळांबद्दल विचारीत. ती रस्त्याकडे पाहत सांगू लागली. सकाळी सातला एक बाई येई. आपल्याच वयाची. खांद्यावर आडवी काठी, काठीच्या दोन टोकांना दोन टोपल्या, टोपल्यांत संत्री. उजवीकडे बघणं नाही, डावीकडे बघणं नाही. देवाला निघाल्यासारखी रस्त्यात उतरे. दोन्ही अंगांनी गाड्या जात, पण तिचं पाऊल ना लांब पडे ना आखूड. एक दिवस ती आली नाही, तर माईला दुपारी जेवण गेलं नाही. आणि चारुताला वाटलं, सासूला आपल्या हातचं आवडलं नाही. पोर रडली होती त्या दिवशी, आणि माईने तिला रडू दिलं होतं, कारण खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"तुका एकच सांगतंय," माई म्हणाली. "बाकीचा सगळा इसारलंस तरी चलात. गेलंस काय बॅग ठेव आणि उतर. पयल्याच दिशी. च्या पिऊक पण बसू नको. दुसऱ्या दिशी मगे होना नाय."

जानकीने चहा संपवला. ग्लास बाकड्यावर ठेवला, पिशवी काखेत मारली आणि उठून कडेला गेली. माई काही म्हणणार तोवर ती रस्त्यात उतरली होती. टेम्पोने हॉर्न दिला. जानकीची मान एकदा आखडली, पण पाय चालत राहिले. एक मोटारसायकल तिच्या पुढून गेली, एक मागून. मधल्या कठड्याच्या फटीतून ती पलीकडच्या गर्दीत शिरली आणि दिसेनाशी झाली. मग पलीकडच्या फुटपाथवर तिची हिरवी साडी वर आली.

 एस.टी. स्टँड पलीकडे, जानकीच्याच बाजूला होतं आणि आचऱ्याची गाडी वीस मिनिटांत सुटणार होती. चहाचे पैसे देऊन माई कडेला आली आणि जानकी परत येऊन आपल्याला घेऊन जाईल म्हणून थांबली.

जानकी आली नाही. तिने हातही केला नाही. पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवून ती नुसती उभी राहिली, इकडे बघत.

माईच्या पुढ्यात एक रिक्षा हळू झाली. माईने तिला हातानेच पुढे जा म्हटलं.

"मेली आता येवची नाय ती," ती पुटपुटली. तिने पदर कमरेला खोचला, आणि एक पाऊल रस्त्यावर ठेवलं.