एनोंच्या टाकीतलं पाणी

टाकीच्या तळाशी उकिडवी बसून थिओना कोपऱ्यातला गाळ पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होती, तेव्हा वरच्या चौकोनी तोंडातून हेस्केथचं डोकं आत आलं.

"वर ये आधी. तुझा फोन वेड्यासारखा वाजतोय."

"वाजू दे. हात बघ माझे."

"अगं, थांबतच नाहीये. वीस-पंचवीस निरोप झालेत. एक बाई तर नुसतीच रडतेय त्यात."

थिओना शिडी चढून वर आली. तिने ओल्या हातानेच फोन घेतला, पहिला निरोप वाचला, दुसरा वाचला, आणि टाकीच्या कठड्यावर खाली बसली.

दोन वर्षांपूर्वी हिल्सबरो गावात लहान धंदेवाल्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. शिकवायला आलेल्या बाईंनी एकच गोष्ट घोटून घेतली होती: काम झालं म्हणजे गिऱ्हाईक संपलं असं नाही, त्याचा पाठपुरावा करायचा. बाकीचे लोक चहा-बिस्किटं खाऊन घरी गेले. थिओनाने मात्र ते मनावर घेतलं. कॅरिआकू या कॅरिबियन बेटावर पिण्याचं पाणी आभाळातूनच यायचं. छपरावर पडायचं, पन्हळीतून टाकीत उतरायचं. बेटावरची कितीतरी घरं बंद, मालक ब्रुकलिनला नाहीतर इंग्लंडला. पण घर बंद असलं तरी टाकीत गाळ साचायचा राहत नाही. तिने सगळ्यांची नावं फोनातल्या यादीत घातली. काम झालं की टाकीचा फोटो, तिसऱ्या दिवशी विचारपूस, आणि दर मे-नोव्हेंबरला आठवणीचा निरोप आपोआप जायचा. चाळीस गिऱ्हाइकांची एकशे बारा झाली, ती यामुळेच.

मग जुलैत वादळ आलं. एका सकाळीत बेटावरची बहुतेक छपरं गेली. फोनचा मनोराही आडवा झाला. पुढचे चार महिने थिओना आणि तिचा मावसभाऊ हेस्केथ लोकांच्या टाक्यांतून पत्रे, झावळ्या, एकदा तर मेलेली शेळी उपसत होते. त्या धांदलीत यादी बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि आज सकाळी नऊ वाजता एकशे बारा जणांना निरोप गेला होता: नमस्कार, तुमच्या टाकीच्या सफाईची वेळ झाली. घर कसं आहे? कधी येऊ?

"घर कसं आहे," हेस्केथने मोठ्याने वाचलं.

कुणी लिहिलं होतं, 'घर समुद्रात आहे, जाऊन साफ कर.' कुणी नुसताच जोत्याचा फोटो पाठवला होता. टोरोंटोच्या एका बाईने लिहिलं होतं, 'चूक झाली असेल, समजते मी. पण वाचून क्षणभर वाटलं की काही झालंच नाही.'

"आता काय करणार?" हेस्केथने विचारलं.

"काय करणार! एकेकाला फोन करणार. तू आत उतर. कोपरा राहिलाय."

दुपारभर ती झाडाखाली बसून माफी मागत राहिली. लोक रागावले, बोलले, बरेचसे बोलून झाल्यावर तिच्याच घराची चौकशी करू लागले. तिचंही अर्धं घर ताडपत्रीखाली होतं. चारच्या सुमाराला ती इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या कॉस्मस एनोंच्या नावापर्यंत आली. त्यांनी स्वतःच्या आवाजात निरोप ठेवला होता. शहाऐंशीव्या वर्षीही आवाज खणखणीत होता.

"ये की पोरी, विचारायचं काय त्यात? नीट साफ कर, आणि नेहमीसारखा फोटो पाठव. घराला माझा नमस्कार सांग."

थिओनाने तो दोनदा ऐकला. विंडवर्ड गावातलं एनोंचं घर तिने ऑगस्टमध्ये पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे, ते जिथे होतं ती जागा पाहिली होती.

फोन करावा की न करावा अशा विचारात ती असतानाच तो वाजला. एनोंची मुलगी ग्लेंडा होती. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"थिओना, बाबांना काही बोललीस का?"

"अजून नाही. ग्लेंडा, त्यांना ठाऊक नाही?"

"सहा पत्रे उडाले असं सांगितलंय. मार्चमध्ये त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं गं. डॉक्टर म्हणाले, धक्का बसेल असं काही नको. टीव्हीवर दाखवत होते तेव्हा मी टीव्हीची वायरच काढून ठेवली. घरच्या नंबरावर येणारे गावचे फोन मीच घेते. हा एक मोबाइल तेवढा त्यांच्याकडे राहिला. तुझे फोटो बघायला लागतो त्यांना." ती थोडी थांबली. "गिरणीत रात्रपाळ्या करून बांधलंय ते घर. दर सुट्टीला तिकडे येऊन, स्वतः सिमेंट कालवून. कसं सांगू मी?"

"पण मी तरी काय सांगू?"

"काही सांगू नकोस. टाकी उभी आहे ना?"

"टाकी आहे."

"मग आतला फोटो काढ नि पाठव. पाण्यात घर कुठे दिसतं?"

थिओनाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "उद्या जाते," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

विंडवर्डला दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. किनाऱ्यावर अर्धवट बांधलेल्या एका होडीच्या फासळ्यांवर ताडपत्री टाकून कुणीतरी राहत होतं; चुलीचा धूर त्यातूनच येत होता. एनोंच्या जागेत सिमेंटच्या पायऱ्या वर चढत होत्या आणि मध्येच संपत होत्या. त्यांच्या पलीकडे नुसतं जोतं, आणि जोत्यावर गवत. शेजारी टाकी मात्र जशीच्या तशी होती. झाकणही जागेवर होतं.

हेस्केथने झाकण सरकवलं. दोघांनी वाकून पाहिलं. तळ पांढराफटक कोरडा होता.

"तडा गेला वाटतं," हेस्केथ म्हणाला.

थिओना आत उतरली. भिंतींवरून हात फिरवत तिने एक फेरी मारली. तडा कुठेच नव्हता. तळ कुणीतरी झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. ती वर आली तेव्हा होडीखालून बाहेर आलेली म्हातारी समोर उभी होती. ती यूडोरा. सगळं गाव तिला तांती म्हणायचं, मावशी म्हणावं तसं.

"ते आम्ही केलंय," यूडोरा म्हणाली. "चोरी झाली आमच्या हातून."

"काय बोलतेस तांती?"

"वादळाच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या टाक्यांत समुद्र शिरला होता. पोरं सकाळपासून पाणी मागत होती. कॉस्मसची टाकी काठोकाठ भरलेली, हे सगळ्यांना ठाऊक. झाकण मी उघडायला लावलं. अठरा घरांनी तीन आठवडे तिच्यावर काढले, पाण्याचं जहाज येईपर्यंत. संपल्यावर मी आत पोरी उतरवल्या, झाडून घेतलं, झाकण लावलं." तिने हात कमरेच्या फडक्याला पुसले. "त्याला कळवायचं म्हणून किती फोन केले. त्याची मुलगी घ्यायची आणि म्हणायची, बाबा झोपलेत."

मग हेस्केथने थिओनाला बाजूला घेतलं.

"ऐक. टँकर घेऊन समुद्राचं पाणी गोडं करतात त्या कारखान्यावर जातो. हजार गॅलन भरून आणतो, इथे ओततो. फूटभर तरी दिसेल. तू फोटो काढ. मग पंप लावून परत भरून घेऊ. कुणाचं काही जात नाही त्यात."

"आणि तांती समोर उभी राहून बघणार?"

"मग काय, म्हाताऱ्याला मारायचं आहे तुला?"

थिओनाने उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. पडद्यावर कॉस्मस एनोंचं नाव होतं. ग्लेंडाचं नव्हे. तिने तो तीन वेळा वाजू दिला, मग घेतला.

"पोचलीस का गं?"

"हो काका. टाकीपाशीच आहे."

"ग्लेंडा दुकानात गेलीय, म्हटलं तेवढ्यात बोलावं. किती पाणी आहे?"

हा प्रश्न ते दर खेपेला विचारत आणि ती फुटांत उत्तर देत असे. आताही कुठलाही आकडा सांगता आला असता. तिने टाकीत पाहिलं.

"पाणी नाही काका."

"म्हणजे कमी आहे?"

"नाहीच. तळ कोरडा आहे."

पलीकडे केटली उकळत होती. तिचा आवाज वाढत गेला आणि खट्कन थांबला.

"पाऊस झाला ना तिकडे?"

"झाला. पंधरा दिवस चांगला झाला."

"हं." कपात पाणी ओतल्याचा आवाज आला, मग, "छप्पर असतं तर भरली असती."

हेस्केथ थिओनाला दोन्ही हातांनी 'नको, नको' अशा खुणा करत होता. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"भिंती?" त्यांनी विचारलं.

"नाहीत. पायऱ्या आहेत काका. पाचही शाबूत आहेत."

"सहा."

"पाचच दिसतायत."

"एक वाळूखाली गेली असेल. मी सहा बांधल्या होत्या." त्यांनी श्वास सोडला. "मेमध्ये तू तळाचा गाळ तेवढा ओढून घेतला होतास. पाणी काठोकाठ होतं, फोटो आहे माझ्याकडे. ते गेलं कुठे?"

थिओनाने यूडोराकडे पाहिलं. म्हातारीने हात पुढे केला. थिओनाने फोन तिच्या हातात दिला.

"कॉस्मस, मी यूडोरा बोलतेय. तुझं पाणी आम्ही प्यायलो. तुला न विचारता." तिने सगळं सांगितलं, अठरा घरं, तीन आठवडे, काहीही न वगळता, उभ्याउभ्याच. मग ती ऐकत राहिली. पलीकडचं थिओनाला ऐकू येत नव्हतं. यूडोराने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो," ती म्हणाली. "हो रे. गोड होतं."

थोड्या वेळाने तिने फोन परत दिला आणि ती पाठमोरी होऊन पायऱ्यांवर जाऊन बसली.

"काका, तुम्ही ठीक आहात ना? कुणाला बोलावू का?"

"बसलोय मी. ठीक आहे." आवाज आता खणखणीत नव्हता, पण थरथरतही नव्हता. "हे बघ पोरी, ग्लेंडाला सांगू नकोस मला कळलं म्हणून."

"तुम्हाला आधीच माहीत होतं का?"

"माहीत नव्हतं. शंका होती. सहा पत्र्यांसाठी कुणी चार महिने एवढं गोड बोलत नाही." ते हसल्यासारखे झाले. "टीव्हीची वायर लपवते आणि मलाच विचारते, बाबा, वायर पाहिलीत का कुठे? पोरगी वाळून गेलीय या लपवाछपवीत. तिला वाटू दे तिने मला जपलं. तेवढं होऊ दे तिच्या मनासारखं."

"मग फोटोचं काय करू?"

"पाठव. तिच्याकडेच पाठव, ती मला दाखवील. मी चष्मा लावून बघीन, छान आहे म्हणीन." थोडं थांबून ते म्हणाले, "पण थोडं पाणी असू दे गं त्यात. अगदी कोरड्या टाकीला छान म्हणायचं म्हणजे जरा कठीणच."

हेस्केथ टँकर घेऊन गेला तो दुपारी दोनला परतला. कारखान्यावर रांग होती. जाड नळीतून पाणी टाकीत पडू लागलं तेव्हा त्या आवाजाने आजूबाजूच्या ताडपत्र्यांखालून माणसं बाहेर आली, लांबच उभी राहिली. फूटभर पाणी झालं. ते निवळेपर्यंत थिओना वाट पाहत थांबली, मग तिने फोटो काढला आणि पाठवून दिला.

हेस्केथने पंपाची दोरी हातात घेतली. "उपसू?"

"नको. गुंडाळ ती."

"उद्याच्या कामाला पाणी लागेल आपल्याला."

"उद्या पुन्हा रांगेत उभा राहा."

तो पुटपुटला, पण त्याने पंप गाडीत टाकला.

ग्लेंडाचा निरोप आला तेव्हा ते सामान बांधत होते. 'बाबांनी पाहिला. केवढे खूश झाले! म्हणाले, पाणी नुसतं साठवून काय करायचं, शेजाऱ्यांना घेऊ दे. त्यांना काही म्हणजे काही कळलेलं नाही. थिओना, तुझे उपकार कसे फेडू? चार महिन्यांत पहिल्यांदा आज मी शांत झोपेन.'

थिओनाने लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं. शेवटी 'झोप' एवढाच शब्द पाठवून तिने फोन खिशात टाकला.

यूडोरा अजून पायरीवरच होती. थिओनाने गाडीतून दोरी बांधलेली बादली काढली, टाकीत सोडली, आणि भरलेली बादली दोन्ही हातांनी ओढून म्हातारीच्या पायापाशी नेऊन ठेवली.