सखाला अंगणात नेलं तेव्हा

माझ्या धाकट्या जावेला, सुरभीला, ऊन चावतं. शब्द तिचाच, लहानपणचा. मुंबईच्या डॉक्टरांनी त्या रोगाला लांबलचक नाव दिलंय, ते आमच्या पोशीरमध्ये कुणाच्या तोंडात बसत नाही. उन्हात गेली की घटकाभरात हातातोंडाची आग होते आणि बघणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. शाळेत असताना ढोंग करते म्हणून बाईंनी तिला मैदानात उभं केलं होतं. त्या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही, पण माझा राग अजून गेलेला नाही.

तिचं लग्न गोरज मुहूर्तावर लागलं ते उगाच नाही. जितेश भाऊजींनी सगळं माहीत असून तिला पसंत केली होती. आम्ही भातकापणीला गेलो की ती घर सांभाळायची आणि आल्याबरोबर पुढ्यात गरम भाकरी यायची. कुणाची तक्रार नव्हती.

मग सखा झाला. आमच्याकडे बाळाला तेल लावून अंगणात कोवळ्या उन्हात पाय पसरून बसतात, बाळाला नडग्यांवर पालथं घालतात आणि पाठ शेकू देतात. सासूबाईंनी माझी दोन्ही पोरं अशीच वाढवली. सुरभीने मात्र सखाला उंबऱ्याबाहेर नेऊ दिलं नाही. खिडकीवर ताडपत्री लावली. सासूबाई तोंडाने तिखट, पण या बाबतीत त्या गप्प बसल्या आणि नातवाला मोरीतच न्हाऊ घालू लागल्या.

पोर दिसायला गोंडस, पण बसायचं वय झालं तरी बसेना. दाताचा पत्ता नाही. झोपेत डोक्याला इतका घाम की दुपटं भिजायचं. गावात ज्याला त्याला डॉक्टर व्हायची हौस. कुणी नजर म्हणालं, कुणी बाहेरची बाधा. शेवटी मीच मायलेकरांना रिक्षात घातलं आणि भिसेगावच्या डॉक्टरांकडे नेलं. सुरभी नखशिखांत ओढणीत.

दोघांच्याही रक्तात ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं. "उन्हातून मिळतं ते तुम्हाला औषधातूनच घ्यायला हवं, हे कुणी सांगितलं नव्हतं?" डॉक्टरांनी विचारलं. सुरभीने नकारार्थी मान हलवली. "मग आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" त्यांनी तिला पुड्या दिल्या, सखाला थेंब दिले. आईचा रोग त्याच्यात आहे का ते बघायला रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला, रोग नव्हता.

मला वाटलं, मिटलं. कुठचं काय! सासूबाई तेलाची वाटी घेऊन अंगणाकडे निघाल्या, तर सुरभी दारात आडवी.

"थेंब हायत ना आई. ऊन कशाला?"

"थेंबांनी हाडं भरतील गं. पर पोरगा काय जलमभर मोरीतच ऱ्हायाचा?"

"आनि रिपोर्ट चुकला तर? मला बोलता येत हुतं, तरी कुनाला पटलं नाय. ह्याला तर बोलता पन येत नाय."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. म्हणाल्या, "रडला का लगेच उचलीन." सुरभीने त्याला हळूच त्यांच्या हातात दिला.

सखा नडग्यांवर पालथा पडला. पाठीवर ऊन आलं. मातीतल्या मुंगीकडे टकामका बघत होता. सुरभी आत, दाराची चौकट घट्ट धरून. आणि एकाएकी पोराने भोकाड पसरलं.

सासूबाई त्याला उचलेपर्यंत सुरभी अंगणात होती. डोक्यावर ओढणीसुद्धा नाही. तिने त्याला कुशीत घेतला मात्र, पोर गप्प. तिच्या खांद्याला नाक घासून हसलंदेखील. आई दिसत नव्हती, एवढंच त्याचं दुखणं.

आता ती आत पळेल असं मला वाटलं. ती तिथेच उभी राहिली, त्याची पाठ उन्हाकडे करून, त्याच्या तोंडाकडे बघत. "अगं, आत ये!" मी ओरडले. ती हलली नाही. शेवटी सासूबाईंनी दंडाला धरून तिला आत आणली.

दुपारभर तिचे हात पाण्याच्या बादलीत होते. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून पाणी. मी सखाला मांडीवर घेऊन शेजारी बसले.

"ताई, त्याच्या पाठीला हात लावून बघा. गरम हाय?"

मी हात लावला. "नाय गं. गार हाय."

"परत बघा," ती म्हणाली.