आन्येसेची जीभ

शरदाचं ऊन मधासारखं पिकलं होतं. आल्प्सच्या उतरणीवर द्राक्षवेली तांबूस, दरीत धुकं दुधाळ. आणि डोंगरकुशीतल्या त्या चिमुकल्या गावावर, शेवाळल्या मनोऱ्यातून, आन्येसे आज शेवटचं बोलणार होती.

आन्येसे म्हणजे देवळाची घंटा. त्या मुलखात घंटेचं बारसं करतात. तीर्थ शिंपडतात, नाव ठेवतात, आणि पुढे जन्मभर नावानेच हाक मारतात.

काय तिचं कुळ सांगावं! रोमच्या राज्यात ती विजयदेवी होती. कांस्यांगी, पंखधारिणी, सेनांच्या जयघोषात न्हालेली. राज्य लयाला गेलं. चौकात गवत माजलं, देवीच्या पायाशी शेळ्या चरू लागल्या. मग कुणा भाविकांनी तिला वितळवली नि घंटा ओतली. आणि रणाची देवता प्रभूचं नाम गाऊ लागली. काठावर एक उंचवटा तेवढा राहिला. देवीचं बोट म्हणत त्याला. गर्भारशी मनोरा चढून हळूच त्याला शिवून येत. मूर्ती गेली, मंदिर गेलं. भाव काही गेला नाही.

आता तिसरा जन्म दारी उभा होता. महायुद्धाला तोफा हव्या होत्या, तोफांना कासं हवं होतं. शिपाई दोर घेऊन आले होते.

वर घंटावाला बोर्तोलो एकटाच. त्याचा लुका रणात होता. निरोपाच्या दिवशी बापाने वचन दिलं होतं, "तू वळणावर दिसलास की आधी आन्येसे हाक मारील, मग मी."

आता हाक कोण मारणार?

"आजोबा, आटपा!" खालून सार्जंट ओरडला.

बोर्तोलोने दोर ओढला. संथ, जड, सात ठोके. सात म्हणजे गावातली बाई गेली. नऊ म्हणजे पुरुष.

दारं उघडली. पिठाचे हात तसेच घेऊन बायका धावल्या. "कोण गेली रे?"

"आन्येसे!" बोर्तोलोने वरून सांगितलं.

"मेल्या, मी इथे चूल फुंकतेय की!" वरच्या आळीची म्हातारी कडाडली. घंटेचंच नाव तिला ठेवलेलं. सगळे खो-खो हसले. मग तिने वर पाहिलं, घंटेभोवती आवळलेले दोर पाहिले, आणि डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर ओढून घेतला. हसू जागच्या जागी विझलं.

घंटा उतरली. आतली जीभ लोखंडाची निघाली.

"लोखंड नको आम्हाला," सार्जंट ओशाळून म्हणाला. "जीभ राहू द्या तुम्हाला."

बोर्तोलोने ती घरी नेली, आढ्याला टांगली.

हिवाळा आला. हिमगौर शिखरांवर सांज उतरली, प्रार्थनेची वेळ झाली, आणि डोंगरापलीकडे तोफ गरजली. म्हाताऱ्याचा हात सवयीने टोपीकडे गेला. तोच सूर! तोच खोल, भरला कंठ. फक्त त्यात नाम नव्हतं.

आढ्याची जीभ थरथरली, जणू ओ देत होती.

दोन. तीन. बोर्तोलोचे ओठ सवयीने मोजू लागले. सहा. सात. तो थबकला, देवा, इथेच थांबव, नऊ नको.

आठ.

त्याने झेपावून ती गार जीभ कवटाळली, छातीशी घट्ट, अगदी घट्ट. आणि खिडकीबाहेरचं बर्फ तांबडं, अधिक तांबडं, होत गेलं.