अनूकच्या घरासाठी

एक जुलैला आमच्या मॉन्ट्रियलमध्ये अर्धं शहर घर बदलतं. सगळ्यांचे भाडेकरार त्याच सुमाराला संपतात. नव्या घरात जे मावत नाही, ते लोक फुटपाथवर ठेवून निघून जातात. ज्याला हवं त्यानं उचलावं. जिस्लेनला हा दिवस नाताळापेक्षा प्यारा.

ती माझ्या वरच्या मजल्यावर राहते. त्या दिवशी सकाळीच येऊन माझं दार वाजवायची. "उगेत, उठलीस का गं? पलीकडच्या रस्त्यावर सामान निघायला लागलंय. तू अशीच लोळत राहिलीस तर कचराच येईल आपल्या वाट्याला!"

मग आम्ही दोघी तिची चाकांची गाडी ओढत निघायचो. जिस्लेनची नजर मोठी तिखट. खुर्ची दिसली की आधी उलटी करून सांधे बघणार. गादीला हात लावणार नाही, ढेकणांची भीती. कपाटाचा खण ओढून सरळ नाक आत घालणार. "शी! सिगारेटवाल्यांचं घर," की पुढे. पण एखादी चांगली वस्तू हाती लागली की तिचं वय उतरायचं. "हे बघ! कुणी टाकलं असेल गं हे? डोळे फुटलेत का लोकांचे?" आणि पाठोपाठ, जरा हळू आवाजात, "अनूकला होईल."

अनूक तिची मुलगी. नवरा लवकरच सोडून गेला. जिस्लेननं बेकरीत पाव भाजून पोरीला एकटीनं वाढवलं. शिक्षण संपल्यावर अनूक नोकरीसाठी दूर पश्चिमेला, अल्बर्टा प्रांतात गेली. "दोन वर्षं काढते आणि येते," असं सांगून गेली. ती आली की घर लावावं लागेल, म्हणून जिस्लेननं तिच्या रिकाम्या खोलीत सामान जमवायला घेतलं. पहिल्याच वर्षी निळं गोल टेबल मिळालं, जाड पायांचं, शिसवासारखं जड. ते आणताना आम्ही प्रत्येक कोपऱ्यावर थांबलो आणि त्याच्यावरच बसून दम खाल्ला. हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या आल्या. पिवळा दिवा आला. चर्चच्या तळघरातल्या जुन्या बाजारातून सूपचे वाडगे आले, जवळजवळ फुकटच. दोन वर्षांची किती वर्षं झाली, आम्ही मोजणं सोडून दिलं. खोलीचं दार आता अर्धंच उघडायचं.

नाताळात अनूक यायची आणि बाहेर सोफ्यावर झोपायची. "आई, काय दुकान मांडलंयस हे!" म्हणायची. जिस्लेन दारातूनच एकेक वस्तू दाखवायची. कुठे मिळाली, कुणाच्या हातून हिसकावून आणली, सगळं सांगायची. अनूक हसून मान डोलवायची आणि फोनमध्ये बघायची.

यंदा इस्टरला आली तेव्हा मीही जेवायला होते. अनूकनं ताटातले मक्याचे दाणे काट्यानं बाजूला केले आणि म्हणाली, "आई, आम्ही दोघांनी घर घेतलंय. तिकडेच, एडमंटनला."

"हो का? छान झालं," जिस्लेन म्हणाली. मग म्हणाली, "सामान लागेल ना तुला?"

"सगळं घेतलं गं. दुकानातून, एकदमच."

"टेबलसुद्धा?"

"टेबलसुद्धा, आई."

जिस्लेननं पुन्हा वाढायला चमचा उचलला. "घे अजून. बारीक झालीयस."

या एक जुलैला सकाळी दार वाजलं, तेव्हा मी बूट घालून तयारच होते. जिस्लेन गाडी न घेता आली होती. "आज आणायचं नाही," ती म्हणाली. "न्यायचंय."

लोखंडी गोल जिन्यावरून आम्ही एकेक वस्तू खाली उतरवली. टेबल शेजारच्या रेजाँनं पाठीवर घेतलं, वाटेत देवाधर्माच्या नावानं शिव्या घालत. जिस्लेननं सगळं पुसलं. फुटपाथवर मधोमध टेबल ठेवलं, भोवती खुर्च्या, वर वाडगे आणि दिवा.

"अगं, लोक उचलूनच नेणार आहेत," मी म्हटलं. "पंगत कसली मांडतेस?"

"नेऊ देत ना. पण नीट बघून नेऊ देत."

आम्ही वर तिच्या बाल्कनीत गार पिझ्झा आणि बियर घेऊन बसलो. दिवा लगेच कुणीतरी उचलून नेला. एका पोरीनं खुर्ची उलटी करून सांधे तपासले. जिस्लेनला राहवेना. कठड्यावरून वाकून ओरडली, "तो पाय मी स्वतः चिकटवलाय गं! हत्ती बसला तरी हलणार नाही!"

दुपारी दोन तरुण बायका टेबलापाशी थबकल्या. एकीनं त्याच्या निळ्या रंगावरून हात फिरवला. "अगं, हे बघ! कुणी टाकलं असेल हे?" जिस्लेन माझ्याकडे बघून हसली. ते हसू अर्ध्यातच थांबलं. त्या दोघी टेबल उचलून थांबत थांबत वळणाआड गेल्या, तोवर ती उभीच होती.

तेवढ्यात अनूकचा फोन आला. हात चिकट होते म्हणून जिस्लेननं फोन स्पीकरवर टाकला.

"काय मिळालं यंदा, आई?"

"यंदा दिलं. तुझी खोली मोकळी केली."

"सगळं?" अनूकनं विचारलं, "ते निळं टेबलही?"

"आत्ताच गेलं. का गं? हवं होतं तुला?"

"नाही गं, आहे ना आमच्याकडे." मग म्हणाली, "त्या टेबलावर मी कधी जेवलेच नाही, आई."

जिस्लेननं पिझ्झ्याचं खोकं बंद केलं, मग उघडलं. "ये की," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातलं टेबल आहे अजून."

"नाताळात बघते. रजा मिळाली तर."

फोन ठेवून ती आत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी बघायला गेले. खोलीत भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून ती जागा मोजत होती. कितीतरी वर्षांनी तिथली खिडकी उघडली होती आणि वाऱ्यानं धूळ उडत होती.

"दोघांचा पलंग मावेल इथे," ती म्हणाली. "नवा घ्यायचा. दुकानातला. मावेल ना गं, उगेत?"

"मावेल," मी म्हटलं आणि भिंतीचं उरलेलं टोक गाठायला, हात पसरून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.