मुंग्या

...डब्यावरचा तिसरा दिवा हिरवा, मुगाएवढा, आणि कालपासून नुसता लुकलुकणारा. काल टीव्हीच्या जुन्याच केबलवर हे इंटरनेट बसवून गेलेला माणूस जाताना म्हणाला होता, “काका, आपोआप लागेल.” आपोआप! एकतीस वर्षं त्याने दुकानदारांचे वजनकाटे तपासले होते, आणि एकही काटा आपोआप बरोबर आलेला त्याला आठवत नव्हता. पण हल्ली सगळे अकलेचे कांदे. भिंतीला भोक पाडता आलं की झाले तंत्रज्ञ.

मागच्या खोलीत, डब्याशेजारच्या टेबलाशी, बायको केस विंचरून बसली होती. चार वाजता संगणकाच्या पडद्यावर तिची मुलाखत – मुद्रितं तपासायच्या कामाची. त्रेपन्नाव्या वर्षी. तिला कोण घेणार, असं तो सकाळी बोलूनही गेला होता, आणि ती नुसती हसली होती... तिचं ते हसणं त्याला कधीच आवडलं नव्हतं. घड्याळात सव्वातीन.

“सर, तुमच्याकडे सिग्नल फार कमी पोचतोय,” इंटरनेट कंपनीची बाई फोनवर म्हणाली. “लाइनवर कुठे स्प्लिटर आहे का? म्हणजे एका केबलच्या दोन—”

“स्प्लिटर म्हणजे काय ते मला शिकवू नका. नाही.”

“एकदा बघता का?”

“नाही म्हटलं ना.”

मग परवा माणूस पाठवते, म्हणाली. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर पगार घ्यायचा. त्याने फोन ठेवला. तरी शिस्त म्हणून – स्वतःच्या शिस्तीचं त्याला फार कौतुक होतं – तो दारापासून केबलच्या मागे निघाला. चौकटीवरून, हॉलच्या कपाटामागे... तिथे धुळीत बोट अडकलं. आगपेटीएवढा चपटा तुकडा. एक तोंड आत, दोन बाहेर.

त्यानेच बसवलेला.

वडील होते तेव्हा ते दिवसभर हॉलमध्ये बसत, खोकत, बातम्यांशी भांडत. आलेल्यांसमोर लाज वाटायची – त्यांची. म्हणून मागच्या खोलीत वेगळा टीव्ही दिला. “तुमची सोय,” असं म्हणालाही होता, आणि मिळेल तो स्वस्तातला तुकडा आणून केबल दुभंगली होती. त्यानंतर वडील हॉलमध्ये आले नाहीत. फक्त अधूनमधून म्हणत, “चित्र नीट दिसत नाही रे, नुसत्या मुंग्या दिसतात.” आणि तो – काट्यातला गुंजभर फरक पकडणारा – म्हणाला होता, “डोळे गेलेत तुमचे.” डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. चष्मा बदलला. नव्या चष्म्यातूनही मुंग्याच दिसल्या, तसं त्यांनी सांगितलं, एकदाच. मग सांगणं सोडलं. चार वर्षं ते त्या मुंग्यांसमोर बसून होते. आणि त्यांचं अंथरूण-पांघरूण करायला बायकोने नोकरी सोडली होती... त्याच खोलीत.

कपाटामागे हात घालून तो तसाच उभा राहिला. कुणाला तरी मूर्ख म्हणावं – फोनवरच्या बाईला, कालच्या माणसाला – असं त्याला फार वाटलं, पण शब्द जिभेवर येऊन फिके पडले. लाज वाटत होती, आणि या वेळी ती वडिलांची नव्हती.

त्याने तुकडा सोडवला, आणि हत्यारांच्या पेटीतून जोडनळी काढून बाहेरून आलेलं आणि मागच्या खोलीत जाणारं टोक थेट जोडलं. मागच्या खोलीत खुर्ची सरकली.

“अहो, लागलं. दिवा थांबला,” बायको म्हणाली. मग थोड्या वेळाने, “काय होतं हो?”

केबलमध्येच दोष होता, हे वाक्य तयार होतं. सगळं आयुष्य असली वाक्यं त्याच्याकडे तयार असत. चाराला दहा मिनिटं होती. आता सांगितलं तर तिचं मन विस्कटेल, हेही खरं होतं, आणि ते आपल्या सोयीचं आहे हेही त्याला दिसत होतं. मुठीत तुकडा गरम होत चालला होता.

“अहो?” तिने पुन्हा विचारलं.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग मूठ उघडली. तुकड्यावरची धूळ तशीच होती.