एकाच कागदाची दोन पानं

अख्खी गल्ली ज्यांना आत्या म्हणायची, त्या बाइंडरबाईंना महालातून बोलावणं आलं. एखादं पुस्तक खिळखिळं झालं असेल, असं समजून त्या सुई, दोरा आणि चष्मा घेऊन तुरुतुरु निघाल्या.

राज्याचे धनी, म्हणजे सरकार, धर्मग्रंथ पुढ्यात घेऊन बसले होते. "बाई, यातलं आठवं पान काढा. आधी महालातली प्रत, मग गावातल्या सगळ्या."

आठवं पान आत्यांना तोंडपाठ होतं. दुबळ्यांची घरं हिसकावणारा राजा देवाच्या दारात भिकारी ठरतो, असं त्यावर लिहिलं होतं. आणि सरकारांनी नुकतीच नदीकाठची वस्ती बागेसाठी उठवली होती. पान बोचणारच की!

"मी पुस्तकं शिवते, सरकार. फाडत नाही."

शेजारी उभा असलेला कारभारी खोकला. बिचाऱ्याला आयुष्यात एवढंच बंड जमायचं.

"दुकानाला कुलूप लागेल," सरकार म्हणाले.

तीस वर्षांचं दुकान! आत्यांना भीती वाटली, खूप वाटली. खोटं कशाला बोला? तरी त्या म्हणाल्या, "लावा. पण देवाचा शब्द माझ्या हातून जाणार नाही."

"मग मीच काढतो!"

"अहो, थांबा, तो कागद..."

"एक शब्द बोलू नका!"

सरकारांनी पान धरून हिसका दिला. आता शिवलेल्या पुस्तकात चार-चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडलेले असतात, हे बाइंडरच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आठव्या पानासोबत त्याचं जोडीचं पहिलं पानही सुटून हातात आलं.

त्यावर सरकारांच्या दिवंगत आईचं अक्षर होतं. 'आज मुलगा झाला. देवा, याला तुझं ऐकणारा कर.'

दोनच ओळी, पण सरकार बराच वेळ वाचत राहिले. कारभाऱ्याने खोकणंसुद्धा टाळलं.

"आईचं तेवढं परत लावून द्या," ते हळूच म्हणाले.

कागद कापून अर्धा चिकटवणं आत्यांच्या डाव्या हातचा मळ होता. दुकानही वाचलं असतं.

"लावता येतं, सरकार. पण मी लावणार नाही. त्या माउलीने ज्याचं ऐकायला सांगितलंय, त्याचा शब्द दुसऱ्या अर्ध्यावर आहे."

सरकारांनी कागद जुन्या घडीवर नीट दुमडला. "दोन्ही शिवा."

"शिवते की. पण दुकानाला कुलूप ना?"

"कुलूप नको. बागही नको." ते कारभाऱ्याकडे वळले. "वस्तीतल्या लोकांना परत बोलवा."

कारभारी इतक्या मोठ्याने "हो!" म्हणाला, की आत्यांच्या हातातली सुई खाली पडली.